रक्तकर्करोग रुग्णांच्या अर्थसाहाय्याचा इतिहास : वसई-विरार परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

वसईला रुग्णसाहाय्याची परंपरा जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत (१५३४ ते १७३९) येथे 'मिसेरिकॉर्दिया' ही आजारी, निराधार व दरिद्री लोकांना आधार देणारी धर्मादाय संस्था कार्यरत होती. या संस्थेची व्याप्ती अर्थातच त्या राजवटीच्या समाजापुरती होती. तथापि, रुग्ण आणि त्याला साहाय्य करणारा हे दोघेही एकाच नगरात राहत, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. विसाव्या शतकात कर्करोगाच्या, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हे समीकरण बदलले. रुग्ण वसई-विरारमध्ये आणि उपचार व साहाय्य मुंबईत परळला, अशी विभागणी झाली. त्यामुळे या परिसरातील रुग्णाला कोणती मदत मिळाली हे पाहताना त्या मदतीने आपल्या सीमा कोठे आखल्या, हेही पाहावे लागते.

स्मृतीतून उभे राहिलेले साहाय्य

भारतातील कर्करोगविषयक दानाचा उगमच रक्ताच्या कर्करोगात आहे, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये ल्युकेमियाने निधन झाले. पुढील वर्षी दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' स्थापन केला आणि त्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या मागे सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. एका कुटुंबाच्या दुःखातून निर्माण झालेली संस्था अशा रीतीने सार्वजनिक झाली. १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी येथेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. भारतातील या उपचाराचा तो आरंभ होय.

वसई-विरारचा या रुग्णालयाशी संबंध जोडला तो रेल्वेने. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १८६७ मध्येच सुटली होती व १९३६ मध्ये विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. परळचे रुग्णालय सुरू झाले तेव्हा वसईच्या बागायतदाराला तेथे जाण्याचा मार्ग सिद्ध होता, मात्र खर्चाची तरतूद त्याला गावातच करावी लागे. दागिने गहाण ठेवणे, वाडी विकणे, उसनवारी हे मार्ग होतेच. त्यांच्या जोडीला १९१८ मध्ये मॉन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी स्थापन केलेल्या, आज बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पतसंस्थेसारखा सहकारी पतपुरवठाही होता. सहकारी कर्जाने सावकारी पाशातून सुटका होते हे खरे. मात्र बरे होण्याची शाश्वती नसलेल्या आजारासाठी काढलेले कर्ज कुटुंबाला रुग्णाच्या पश्चातही फेडावे लागते.

गोळी, पेटंट आणि रुग्णसंघटना

२००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब या औषधाने दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाचे स्वरूप पालटले. जीवघेणा आजार गोळीने आटोक्यात राहू लागला, पण बहुतेक रुग्णांना ती गोळी रोज आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागते. परिणामी साहाय्याचा प्रश्नही मुळातून बदलला. शस्त्रक्रियेसाठी एकदा देणगी जमवता येते. दरमहा, आयुष्यभर देणगी जमवणे कोणत्याही गावाला, चर्चला वा मंडळाला झेपणारे नव्हते.

नोव्हार्टिस कंपनीच्या 'ग्लिव्हेक'चा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार रुपये होता. कंपनीने 'मॅक्स फाउंडेशन'च्या सहकार्याने मोफत औषध देण्याचा कार्यक्रम चालवला. २०१३ मध्ये कंपनीच्या म्हणण्यानुसार भारतातील सुमारे १६ हजार रुग्णांना, म्हणजे ग्लिव्हेक घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांना, ते विनामूल्य मिळत होते. याच कार्यातून विजी वेंकटेश यांच्या पुढाकाराने 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा रुग्णांचा परस्परसाहाय्य गट वाढला. ही मदत खरी होती, तिने माणसे जगली. परंतु ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होती, हेही तितकेच खरे.

नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला भारतात विक्रीचे अनन्य हक्क मिळाले, तेव्हा स्वस्त औषधाचे भवितव्य धोक्यात आले. य. कृ. सप्रू यांनी १९६९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन'ने या औषधाच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. रुग्णांना औषधे व आर्थिक मदत पुरवणारी संस्था पेटंटच्या वादात पक्षकार झाली, ही या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे कंपनीचे अपील अमान्य केले. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पेटंट मिळणार नाही, असा त्याचा आशय होता. या निकालाने कोणाच्याही हाती मदतीचा धनादेश पडला नाही, परंतु महिन्याचा खर्च ८-१० हजारांच्या पातळीवर राहण्याचा मार्ग मोकळा राहिला.

शासकीय योजना व जिल्ह्याची सीमा

धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेने प्रत्यक्षात आणले. आरंभीची वार्षिक उत्पन्नमर्यादा अनुक्रमे २५ हजार व ५० हजार रुपये होती. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या कामगाराचे वेतन कितीही तुटपुंजे असले, तरी ते या मर्यादेत बसणे कठीणच होते.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली ती ८ जिल्ह्यांत. त्यांत मुंबई शहर, मुंबई उपनगर व रायगड हे जिल्हे होते. ठाणे नव्हता, आणि वसई तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू होईपर्यंत, म्हणजे १६ महिन्यांहून अधिक काळ, दहिसरचा केशरी शिधापत्रिकाधारक रुग्ण पात्र होता आणि वसईच्या खाडीपलीकडे नायगावचा त्याच शिधापत्रिकेचा रुग्ण अपात्र. गाडी दोघांची एकच, रुग्णालयही बहुधा एकच! टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी ही प्रशासनाची सोय असते, परंतु तीव्र ल्युकेमियात निदानानंतर काही दिवसांतच उपचार सुरू व्हावे लागतात, हे त्या सोयीच्या हिशेबात कोठेही धरलेले दिसत नाही.

दुसरी अडचण शिधापत्रिकेची. वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांहून अधिक होती. तिचा मोठा भाग स्वस्त घरासाठी मुंबईतून वा थेट गावाकडून आलेला. शिधापत्रिका मूळ गावाच्या पत्त्यावर, घर भाड्याचे, वेतन रोखीत. अशा कुटुंबाला उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला मिळवताना आजाराइतकीच दमछाक होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला आणि जिल्ह्याचे मुख्यालय बदलले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली करून कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाखांवर नेली. शिधापत्रिकेच्या रंगावरून होणारा भेद त्यामुळे मिटला, आणि शिधापत्रिका नसलेल्या अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांनाही योजना खुली झाली.

खाटेबाहेरचा खर्च

योजनेची रचना 'पॅकेज'वर आधारलेली आहे. जीवनदायी योजनेच्या पॅकेजमध्ये उपचारांबरोबर रुग्णाचे भोजन आणि घरी परतण्याचे एकवेळचे एसटीचे अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडेही धरलेले होते. ही तरतूद करणाऱ्याची दृष्टी सहृदय होती. परंतु बालकांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यांतील बराच काळ मूल घरी असते व तपासणीसाठी, इंजेक्शनसाठी, प्लेटलेटसाठी वारंवार रुग्णालयात न्यावे लागते. सोबत आई किंवा वडील असतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णांनाही प्रवासाची मुभा आहे, रेल्वेची भाडेसवलतही आहे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णासाठी मात्र सकाळच्या विरार लोकलची गर्दी हीच जोखीम असते. बाहेरगावच्या रुग्णांसाठी परळ-दादर भागात नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, गाडगे महाराज धर्मशाळा यांसारखी निवासस्थाने आहेत. विरारचा रुग्ण तेथे 'बाहेरगावचा' ठरण्याइतका दूर नाही आणि रोज ये-जा करण्याइतका जवळही नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या पहिल्या भारतीय कार-टी पेशी उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांत इतर उपचार निष्फळ ठरल्यानंतर तो दिला जातो. परदेशातील अशाच उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च सुमारे दशांश सांगितला जातो. तरीही ती रक्कम काही दशलक्ष रुपयांच्या घरात जाते. कुटुंबाची ५ लाखांची मर्यादा त्याच वर्षी ठरली होती.