लिपे
जर्मनीतील एक भूतपूर्व संस्थान व तेथील राजघराणे. ट्यूटोबुर्ग अरण्य व वेझर नदी यांच्या परिसरातील या संस्थानाचे क्षेत्रफळ सु. १,२१५ चौ. किमी. व राजधानी डेटमोल्ट होती.

घराण्याचा उल्लेख ११२३ पासून आढळतो. दुसऱ्या बेर्नहार्टने ११८५ मध्ये लिपश्टाट हे शहर वसविले. उत्तरायुष्यात तो सिस्टर्शियन संन्यासी व पुढे लिव्होनियात बिशप झाला. सहाव्या सिमोनने १६०५ मध्ये कॅल्व्हिन पंथ प्रस्थापित केला. मात्र लेम्गो शहराने ल्यूथर पंथ सोडला नाही. १६१३ मध्ये सिमोन वारल्यावर मुलांत वाटण्या झाल्या. पुढील वारसातंट्यांचे मूळ या शाखाविस्तारात आहे.

१७८९ मध्ये काउंटांना राजपुत्रपद मिळाले. पहिल्या लीओपोल्टची विधवा पाउलीने हिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य केले (कार. १८०२–२०). हा काळ लिपेच्या इतिहासात सर्वांत उज्ज्वल होय. तिने १८०७ मध्ये ऱ्हाइन राज्यसंघात सामील होऊन संस्थान शेजाऱ्यांच्या घशात जाऊ दिले नाही. भूदासपद्धती १८०८ अखेर आदेशाने रद्द केली आणि डेटमोल्ट येथे श्रमजीवी मातांच्या मुलांसाठी संगोपनगृह काढले (१८०२). तिने १८१९ मध्ये दिलेली राज्यघटना मात्र सरदारवर्गाच्या विरोधामुळे अंमलात आली नाही. प्रजा गरीबच राहिली. एकोणिसाव्या शतकात हजारो पुरुष दर उन्हाळ्यात परप्रांतीच्या वीटभट्ट्यांवर जात.

राजघराण्याचे लक्ष मात्र वंशशुद्धीच्या वादात गुंतले. १८९५ मध्ये वोल्डेमार निपुत्रिक वारला. त्याचा भाऊ आलेक्सांडर मनोरुग्ण असल्याने राजप्रतिनिधिपदाचा प्रश्न उभा राहिला. बीस्टरफेल्ट शाखेच्या एर्न्स्टची आजी मोडेस्टे फोन उन्‌रू समकक्ष कुळातील नव्हती, असा शाउम्बुर्ग-लिपे शाखेचा आक्षेप होता. कैसर दुसरा विल्यम याची बहीण त्या शाखेत दिलेली असल्याने त्याचा कल उघड होता. तथापि सॅक्सनीचा राजा आल्बेर्ट याच्या अध्यक्षतेखालील लवादाने १८९७ मध्ये एर्न्स्टच्या बाजूने निर्णय दिला. १९०५ मध्ये आलेक्सांडर वारल्यावर साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील निवाड्याने एर्न्स्टचा मुलगा चौथा लीओपोल्ट गादीवर आला. एका आजीच्या कुळाचा हा वाद दहा वर्षे चालला. गादी मात्र त्यानंतर तेराच वर्षे टिकली.

१२ नोव्हेंबर १९१८ रोजी लीओपोल्टने राज्यत्याग केला व लिपे स्वतंत्र घटकराज्य झाले. १९४७ मध्ये ते नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया राज्यात विलीन झाले. लीओपोल्टचा पुतण्या बेर्नहार्ट याने १९३७ मध्ये नेदर्लंड्सच्या राजकन्या यूलियानाशी विवाह केला. सांप्रतचे डच राजघराणे त्यांच्याच वंशातील आहे.