व्हेरिएबल, फाईल आणि काटोलचा सातबारा

प्रोग्रॅमिंग शिकताना सुरुवातीचे सगळे प्रोग्रॅम विसराळू असतात. 'क्षेत्र = ५' लिहिलं, प्रोग्रॅम चालला, बंद झाला, की ते ५ गेलं. मग फाईलचा धडा येतो: किंमत फाईलमध्ये लिहायची आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचून घ्यायची. बहुतेक ठिकाणी हा धडा दहा मिनिटांत उरकतात. मला मात्र त्यावरून हमखास काटोलच्या शेतजमिनीचे कागद आठवतात. का, ते सांगतो.

काटोल तालुका म्हणजे नागपुरी संत्र्याचा मुलूख. तिथलं पाच एकरांचं एखादं शेत घ्या. शेत जागचं हललं नाही, पण त्याची नोंद ठेवणारी व्यवस्था किती वेळा बदलली बघा. इंग्रजांच्या मध्य प्रांतात मालगुजारी होती. १९५० साली त्या प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी नागपूर. १९५१ साली मालगुजारी संपली. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. मग १९६६ चा जमीन महसूल कायदा, १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम, आणि त्यातून गाव नमुना सात आणि बारा, म्हणजे आपला सातबारा. आपल्या भाषेत सांगायचं तर दर वेळी जुना प्रोग्रॅम बंद झाला आणि नव्या प्रोग्रॅमनं जुनी फाईल वाचायला घेतली! आजही नागपूरकडच्या प्लॉटच्या जाहिरातीत 'खसरा नंबर', 'मौजा', 'प.ह.नं.' (पटवारी हलका नंबर) दिसतात, ते त्या जुन्या फाईलचेच शब्द.

आता त्या ५ कडे या. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. एकरातल्या नोंदी पुढे हेक्टर-आरमध्ये आल्या आणि पाच एकरांचे झाले २.०२ हेक्टर. समजा, कुणी फाईलमध्ये नुसतं '२.०२' लिहून ठेवलं आणि वाचणाऱ्यानं ते एकर समजून वाचलं. कुठेही एरर येणार नाही, प्रोग्रॅम आनंदात चालेल, आणि शेतकऱ्याची तीन एकर जमीन हवेत जाईल. फाईलमध्ये किंमत जाते, अर्थ आपोआप जात नाही. तो आपण सोबत लिहावा लागतो.

शिकाऊ मंडळींचे बाकीचे घोटाळेही याच जातीचे. जीडब्ल्यू-बेसिकमध्ये 'प्रिंट #' वापरून नाव आणि क्षेत्र लिहिलं आणि मधला स्वल्पविराम फाईलमध्ये गेला नाही, तर वाचताना क्षेत्रसुद्धा नावातच शिरतं. म्हणून तर 'राइट #' होतं, ते अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम स्वतःच घालायचं. पायथनमध्ये साध्या टेक्स्ट फाईलमधून वाचलेला '५' हा आकडा नसतो, अक्षर असतं. त्याला दोननं गुणा, उत्तर '५५' :)

सगळ्यात महागात पडतो तो 'डब्ल्यू' मोड. त्यात फाईल उघडली की आधीचं सगळं पुसलं जातं, तुम्ही एक अक्षर लिहिण्याआधीच. पटवाऱ्याची पद्धत बघा. जमीन विकली गेली, की जुनं नाव पुसून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. नवं नाव लिहितात आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकतात. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा उघडा, म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे कळतं की बदल विक्रीनं झाला, वारसानं झाला की आणखी कशानं. आपण ज्याला लॉग म्हणतो तो हाच. भावाभावांत वाद झाला की कोर्टात हीच साखळी मागे मागे वाचत जातात. नुसतं आजचं नाव ठेवलं असतं तर बोलायला पुरावाच उरला नसता.

कॉम्प्युटर या गोष्टीत आला तो काटोलच्या शेजारूनच. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची प्रायोगिक योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि महाराष्ट्रातून निवडला होता वर्धा. पुढे २०१८ साली डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हा त्यात गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला, आणि शेतीचं क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, बिनशेतीचं आर-चौरस मीटरमध्ये हे स्पष्ट झालं. एकक सोबत ठेवण्याचा हा धडा पक्का व्हायला बरीच वर्षं लागली म्हणायची!

तेव्हा तुमच्या पहिल्या फाईलमध्ये ५ लिहाल तेव्हा शेजारी 'एकर' लिहा, नाव लिहा, तारीख लिहा. जुनं पुसण्याआधी दोनदा विचार करा. आणि फाईल नीट सेव्ह झाली का, हे ती लिहिणाऱ्याला विचारू नका. ती अशा माणसाकडे द्या ज्यानं तुमचा प्रोग्रॅम कधी पाहिलेला नाही. त्याला वाचता आली, तरच ती सेव्ह झाली.