मिरजेचा उरूस: मान कुणाकुणाचा?

गाणं शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये आज तानपुऱ्याचं एखादं ॲप असतं. काळी चार की पांढरी एक ते निवडायचं, पहिली तार पंचमात हवी की मध्यमात ते ठरवायचं, फोन भिंतीला टेकवायचा आणि रियाजाला बसायचं. चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तानपुऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज असतो. तो तानपुरा कुठे बनला असेल असं विचारलं, तर जाणकार पहिलं नाव मिरजेचं घेतील.

सांगली जिल्ह्यातलं मिरज बहुतेकांना जंक्शन म्हणूनच माहीत असतं. गाडी इथे बराच वेळ थांबते. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाणी नेणारी रेल्वे इथूनच सुटली होती. माझ्यासाठी मिरज म्हणजे आजोळ. या गावात दरवर्षी ख्वाजा शमना मीरासाहेबांचा उरूस भरतो. या वेळी मी, आई आणि धाकटी बहीण खास उरुसासाठी म्हणून मामाकडे गेलो. दर्ग्यासमोरच्या गर्दीत खाजा आणि पेढ्यांची दुकानं, पाळणे, बांगड्यांच्या हातगाड्या, हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा लाउडस्पीकर होता. डोळे मिटून उभं राहिलं तर कुठल्याही ग्रामदैवताच्या जत्रेत आहोत असं वाटावं.

‘उरूस’ या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ लग्न. सूफी परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे त्याचं परमेश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीचा शोक होत नाही, सोहळा होतो. महाराष्ट्रात आल्यावर या शब्दाने इथल्या जत्रेचा पोशाख चढवला. जत्रेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्टही त्याने घेतली, ती म्हणजे मान.

मान म्हणजे काय?

पालखीला पहिला खांदा कुणाचा, पहिला नैवेद्य कुणाच्या घरचा, दिवटी कुणी धरायची, हे आपल्याकडच्या प्रत्येक यात्रेत ठरलेलं असतं. त्यावरून भांडणंही होतात, कारण मान हा एकाच वेळी हक्क असतो आणि जबाबदारीही. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक गावांत पिराच्या उरुसाचा मान पाटलाच्या घराकडे असतो. त्या घरातल्या माणसांना ‘तुम्ही हिंदू असून हे कसं?’ असं विचारलं, तर प्रश्नच कळत नाही. मान आहे, तो पाळायचा असतो, एवढंच.

मिरजेत पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. गलेफ म्हणजे मजारीवर चढवायची चादर. ती वाजतगाजत येते, आणि ती चढल्यावर उरूस सुरू झाला असं मानलं जातं. ज्या समाजाला देवळाची पायरी चढायलाही शतकानुशतकं बंदी होती, त्याच्याकडे या गावातल्या सर्वांत मोठ्या दर्ग्याचा पहिला मान आहे. एरवी ‘ऐक्याचं प्रतीक’ असं म्हणून आपण पुढे सरकतो. पण हे प्रतीक नाही, दरवर्षी पार पाडावं लागणारं काम आहे. गलेफ कुणाच्या घरून निघणार, वाजंत्री कोण, खर्च कसा करायचा, रस्ता कोणता, याच्या बैठका होतात. मामा म्हणाला, “अगं, एकोपा-बिकोपा भाषणात असतो. इथे आधी हे विचारतात की तुमची तयारी झाली का?”

तलवारीकडून तारेकडे

दर्ग्याकडून गावात शिरलं की सतारमेकर गल्ली लागते. सतारमेकर हे आता आडनावच झालंय. पण या कुटुंबांचं मूळ काम सतारीचं नव्हतं. ती शिकलगार होती, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना पाणी आणि धार देणारी.

१८१८मध्ये पेशवाई गेली. पटवर्धनांचं मिरज संस्थान ब्रिटिशांच्या छत्राखाली टिकलं, पण लढाया संपल्या. शिकलगाराच्या हाताला काम उरलं नाही. मात्र संस्थानिक गाण्याचे शौकीन होते, दरबारात गवई येत होते, त्यांची वाद्यं बिघडत होती आणि दुरुस्त करणारा जवळपास कुणी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंतुवाद्य दुरुस्त करायला घेतलं आणि पुढे स्वतः घडवायला सुरुवात केली, असा या धंद्याचा इतिहास मिरजेत सांगितला जातो. आजचे सतारमेकर स्वतःला त्याच परंपरेतले मानतात.

तानपुऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. तो भाजीचा भोपळा नव्हे. वेलीवर मोठा होऊ देऊन सुकवलेला, आतून पोकळ झालेला कडू भोपळा असतो. म्हणजे वारकऱ्यांच्या मुलखातलं पीक, मुसलमान कारागिराचा हात, आणि पुढे हे वाद्य जाणार देवळात, मैफलीत, गायन क्लासात.

तानपुऱ्याचा जीव असतो जवारीत. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका बाक असतो. तार कंप पावताना त्या बाकाला घासत राहते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा तो घासण्याचा बिंदू नेमका ठरवतो. त्यातून मूळ स्वरावर इतर स्वरांचा झुबका उठतो. १९२१मध्ये सी. व्ही. रामन यांनी यावर एक निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिरबिंदू असतो ते उपस्वर नियमानुसार ऐकू यायला नकोत, पण तानपुऱ्यात ते येतात, असं त्यांनी दाखवलं. इंजिनिअरिंगला कंपनं शिकताना हे आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर तो विषय इतका कोरडा वाटला नसता.

जवारी कानसने घासून काढतात. मोजमाप नाही, फक्त कान. एक हात घासतो, दुसरा तार छेडतो, पुन्हा घासतो. जरा जास्त घासलं गेलं तर सगळी मेहनत वाया. ते बघताना मला वाटलं, धातूच्या पात्याला अचूक बाक आणि धार देणाऱ्या घराण्यांना हे काम जमलं यात नवल ते काय! हत्यार बदललं, हात तोच राहिला.

मिरज हे गाण्याचं गाव झालं त्याला हे कारागीर कारण आहेत, तसे इथले डॉक्टरही. फटाक्याच्या अपघातात दृष्टी गेलेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारासाठी इथे आणला गेला. दृष्टी परत आली नाही, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू मिळाला. तो मुलगा म्हणजे विष्णू दिगंबर पलुसकर, ज्यांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचं जन्मवर्ष १८७२. त्याच वर्षी उत्तरेत कैराना गावी आणखी एक मूल जन्मलं, अब्दुल करीम. त्याचीही वाट मिरजेलाच येणार होती.

खाँसाहेब

अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते. तिथे ताराबाई माने या मराठा सरदार घराण्यातल्या मुलीशी त्यांचं जमलं आणि दोघं बडोदा सोडून निघाले. सांगतात की, मिरजेत असताना खाँसाहेब प्लेगने आजारी पडले, दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले. आख्यायिका बाजूला ठेवली तरी हे खरं की पुढे मिरज त्यांचं घर झालं. त्यांची मुलगी हिराबाई १९०५मध्ये इथेच जन्मली. १९२२मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. अब्दुल रहमान झाले सुरेशबाबू माने, चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर. एका घरात दोन धर्मांची नावं होती, आणि ती किती दुखऱ्या कारणांनी बदलली हेही लक्षात ठेवायला हवं. या इतिहासात सगळंच गोड नाही.

खाँसाहेब सुरांच्या बाबतीत कमालीचे काटेकोर होते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर २२ श्रुती मोजायच्या खटपटीत होते, तेव्हा त्यांच्या प्रयोगांना आवाज दिला तो खाँसाहेबांनी. ते कर्नाटक संगीत शिकले, मराठी नाट्यपदं रेकॉर्डवर गायले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी.

२७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून उरुसाला एक नवा मान जोडला गेला, गाण्याचा. उरुसाच्या दिवसांत दर्ग्याच्या पटांगणात अब्दुल करीम खाँच्या स्मृतीत संगीत सभा होते. हिराबाई, गंगूबाई, भीमसेन इथे गायले. इथे कलाकार बिदागीसाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. जमिनीवर बसायचं.

आम्ही बसलो तेव्हा एक तरुण गायक पूरिया मांडत होता. मागे दोन तानपुरे, पलीकडे पाळण्याची मोटार, मध्येच कुणाच्या तरी फोनची रिंग. आईच्या शेजारी बुरखा घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. समेला त्यांची आणि आईची मान एकदमच हलली. बहीण हे बघून हसली.

२००९

एवढ्यावर लेख संपवला तर तो खोटा होईल. सप्टेंबर २००९मध्ये, गणेशोत्सवात, याच मिरजेत दंगल झाली. निमित्त होतं स्वागत कमानीवरचं अफजलखान वधाचं चित्र. विसर्जन मिरवणुकीच्या वाटेवरच्या भव्य कमानी ही मिरजेची खासियत. त्यातल्या एका कमानीवरून वाद पेटला, दगडफेक झाली, संचारबंदी लागली आणि मंडळांचे गणपती मांडवातच राहिले. विधानसभा निवडणूक दीड महिन्यावर होती. पश्चिम महाराष्ट्रात पुढचे कित्येक दिवस ‘मिरज’ हा शब्द फक्त याच अर्थाने उच्चारला गेला.

मग हे सगळे मान, गलेफ, तानपुरे कुठे गेले होते? मी मामाला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “कुठेही गेले नव्हते. पण त्या दिवशी रस्त्यावर जी पोरं होती, त्यांच्यातल्या एकाकडेही कसलाच मान नव्हता.”

हे वाक्य अजून माझ्या डोक्यात आहे. सामाजिक सलोखा म्हणजे सगळ्यांनी चांगलं वागणं, असं आपण समजतो. मिरजेचा इतिहास वेगळं सांगतो. चर्मकारांशिवाय पहिला गलेफ नाही, शिकलगाराशिवाय तानपुरा नाही, भोपळ्याच्या शेतकऱ्याशिवाय शिकलगाराला काम नाही, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात होणाऱ्या संगीत महोत्सवालाही वाद्यं लागतात. माणसं एकमेकांना आवडतात म्हणून नव्हे, एकमेकांचं त्यांच्यावाचून अडतं म्हणून टिकून राहतात. ज्याच्यावाचून कुणाचंच अडत नाही, त्याला कमानीपाशी जमवणं सोपं असतं.

आणि आता अडणंच कमी होतंय. शिकाऊ विद्यार्थ्याला फोन पुरतो. एक चांगला तानपुरा घडायला आठवडे लागतात आणि एवढा वेळ बसून शिकायला घरातली मुलं तयार नसतात. २०२४मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाची नक्कल त्याने थांबेल, पण मुलगा दुकानात बसेल की पुण्याला नोकरी शोधेल, हे मानांकन ठरवत नाही. ते ठरेल तानपुरा विकत घेणाऱ्यांवर.

उरुसाला जायचं असेल तर आपल्या कॅलेंडरवर तारीख पाठ करू नका. हिजरी वर्षामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. पोचाल त्या दिवशी रात्री गाणं ऐका, आणि सकाळी सतारमेकर गल्लीत जा. तिथे कुणीतरी घोडी घासत बसलेलं असेल. घेणार नसलात तरी तार छेडून बघायला नाही म्हणत नाहीत.