आई, माय, आऊ : एका नात्याच्या अनेक हाका

मराठी घरात मूल बोलू लागले की त्याच्याकडून सर्वप्रथम वदवून घेतला जाणारा शब्द बहुधा 'आई' हाच असतो. जगातील असंख्य भाषांत आईसाठीचा शब्द 'म' या ओठ मिटून उच्चारायच्या अक्षराभोवती उभा आहे. मराठीचा 'आई' मात्र केवळ दोन स्वरांचा, ओठ न मिटता दूरवर पोहोचणारा शब्द आहे. वेदना झाली, ठेच लागली, भय वाटले की वयाची पर्वा न करता तोंडून निघतो तोही हाच शब्द. तथापि मराठीत आईला एकच नाव आहे असे नव्हे. प्रांत, जात, धर्म, पिढी आणि घराची रचना यांनुसार ही हाक बदलत गेली आणि तिच्याबरोबर नात्याचे स्वरूपही बदलत गेले.

शब्दांची कूळकथा

संस्कृत 'मातृ' शब्दाच्या प्राकृत रूपांतून मराठीत 'माय' आणि 'माई' हे शब्द आले. वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाड्यात आजही 'माय' हीच घरगुती हाक आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत 'आय', कोकणात 'आये', मालवणी बोलीत 'आवस' आणि गोव्याच्या कोकणीत 'आवय' अशी रूपे आढळतात. महाराष्ट्रातील अनेक मुस्लिम घरांत 'अम्मी' वा 'अम्मा' म्हटले जाते. शहरी मध्यमवर्गात गेल्या काही दशकांत 'मम्मी' आणि 'ममा' रुळले. मात्र तेथेही तिऱ्हाइताशी बोलताना 'माझी आई' असाच उल्लेख बहुधा होतो.

जुन्या मराठीतील 'आऊ' हे आदरयुक्त रूप शिवछत्रपतींच्या मातोश्रींमुळे अजरामर झाले. 'जिजाऊ' या नावात ते सामावलेले आहे. आऊसाहेब म्हणून स्वराज्यात ओळखल्या गेलेल्या जिजाबाईंनी ६ जून १६७४ रोजीचा राज्याभिषेक पाहिला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे देह ठेवला.

आईच्या नावावरून घडलेले इतर शब्दही लक्षणीय आहेत. 'माहेर' म्हणजे मुळात 'मातृगृह', आईचे घर. घर वडिलांच्या नावावर असले, तरी लग्न झालेल्या मुलीला ते आईमुळे आपले वाटते, हे भाषेने शेकडो वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले. 'सासर' हा शब्द मात्र सासऱ्याच्या घरावरून, म्हणजे 'श्वशुरगृह' या शब्दावरून आला. 'मावशी'चे मूळ 'मातृष्वसा', अर्थात आईची बहीण. 'माय मरो, पण मावशी जगो' ही म्हण याच नात्याच्या भरवशावर उभी आहे. रुग्णालयात किंवा शाळेत काम करणाऱ्या स्त्रीलाही शहरी माणूस 'मावशी' म्हणतो, तेव्हा तो नकळत तिला आईच्या शेजारी बसवीत असतो.

'आत्या' या शब्दाचा संबंध प्राकृत 'अत्ता'शी जोडला जातो. हालाच्या 'गाथासप्तशती'त हाच शब्द सासूसाठी येतो. आतेभावाशी विवाह करण्याची चाल असलेल्या समाजात आत्या हीच सासू होई, हे ध्यानात घेतले की ही गुंफण उलगडते. कन्नडमध्ये 'तायी' म्हणजे आई, तर मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन वाढविणारी थोरली बहीण ही अर्धी आईच असे.

आईला 'वहिनी' म्हणणारी मुले

एकत्र कुटुंबाच्या वाड्यात मुलांच्या हाका कित्येकदा नात्यांच्या तक्त्यात बसत नसत. घरातील दीर-नणंदा जिला 'वहिनी' म्हणत, तिला तिची मुलेही 'वहिनी'च म्हणू लागत. कोठे आईला 'काकी', कोठे 'बाई', 'अक्का' अथवा 'माई' अशी हाक पडे. आणि 'आई' हा शब्द आजीसाठी राखून ठेवलेला असे, कारण मुलांचे वडील तिला 'आई' म्हणत. मूल ऐकते ते बोलते, एवढेच यामागचे कारण नव्हते. वडीलधाऱ्यांसमोर आपल्या पोटच्या मुलाचे लाड करणे तरुण आईला संकोचाचे वाटे. मुलाचे न्हाऊमाखू, जेवूखाऊ, गोष्टी सांगून निजविणे हे सारे आजीकडे असे. घरातील अधिकार जिच्या हाती, 'आई' हे नाव तिच्याकडे, असा तो हिशेब होता.

शहरांत कुटुंबे लहान झाली आणि ही पद्धत मागे पडली. मुलाची आई तीच घरातील 'आई' झाली. हिंदीत 'दादी' आणि 'नानी' असा भेद आहे. मराठीत वडिलांची आई आणि आईची आई दोघीही 'आजी'च. त्यामुळे 'पुण्याची आजी', 'नागपूरची आजी' अशी गावांची नावे जोडून मुले आपली अडचण सोडवितात.

'अगं आई' आणि 'अहो आई'

मराठीतील आई-मुलाच्या नात्याचे एक वैशिष्ट्य सर्वनामात दडलेले आहे. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' ही कित्येक पिढ्यांची रीत. 'अगं आई' या हाकेत जवळीक आहे. 'अहो बाबा'मध्ये आदराबरोबरच अंतरही आहे. आईवर रुसता येते, तिच्याशी भांडता येते, तिला उलटून बोलता येते. वडिलांकडून हवे ते मिळवायचे असेल तर मध्यस्थही तीच. परंतु या 'तू'ची दुसरी बाजूही आहे. जिच्याशी कसेही बोलले तरी चालते, तिचे कष्टही गृहीत धरले जातात. गेल्या दोन-तीन दशकांत अनेक घरांत वडीलही 'ए बाबा' झाले. अंतर असे कमी झाले, ते आईला 'अहो' म्हणून नव्हे, तर बाबांना 'अरे' म्हणून.

याच शब्दाची कसोटी लागते ती सासरी. सून सासूला 'आई' म्हणते, पण ती आई 'अहो आई' असते. स्वतःच्या आईला 'अगं' आणि पतीच्या आईला 'अहो', एवढ्या एका अक्षरात दोन घरांचे अंतर मावते. मुलगी म्हणून जे सहज बोलता येते ते सून म्हणून बोलता येत नाही, हे दोघीही जाणून असतात. काही घरांत सहवासाने ते 'अहो' गळून पडते. काही घरांत ते अखेरपर्यंत टिकते, आणि त्यामागे प्रेम नसतेच असेही नाही. जावई सासूला 'आई' म्हणतो तेव्हा मात्र त्याच्याकडून कामाची अपेक्षा नसते. एकच हाक, परंतु तिच्यासोबत येणारी जबाबदारी सारखी नाही.

माउली, मरीआई आणि काळी आई

महाराष्ट्राने पूज्यभावाचा परमोच्च शब्द म्हणूनही 'आई'च निवडला. वारकरी संप्रदायात ज्ञानेश्वर पुरुष असूनही 'माउली' झाले आणि विठ्ठल 'विठाई' झाला. वारीत स्त्री असो वा पुरुष, प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणूनच हाक मारतो. एकवीरा आई, यमाई, तुकाई या देवींच्या नावांत आई आहे; पटकीच्या साथीच्या भयातून पूजली गेलेली मरीआईही आईच. शेतकऱ्याची जमीन 'काळी आई' आणि नाशिक-पैठणकरांची नदी 'गोदामाई'. हजारो अनाथांचा सांभाळ करणाऱ्या सिंधुताई सपकाळ (१९४८-२०२२) यांना 'माई' हीच पदवी लोकांनी दिली.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ने मराठी मनातील आईची प्रतिमा घडविली. आचार्य अत्रे यांनी काढलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाला पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अर्थात याच भाषेत सर्वांत जहाल शिव्याही आईवरूनच दिल्या जातात. गौरव आणि अवमान या दोहोंसाठी आई वेठीस धरली गेली. तिचे स्वतःचे नाव मात्र बहुधा पडद्याआडच राहिले.

कागदावरची आई

दीड-दोन हजार वर्षांपूर्वी चित्र निराळे होते. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजांनी आपल्या नावापुढे मातेचे नाव मिरविले. नाशिकजवळच्या पांडवलेण्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षीचा गौतमी बलश्रीचा लेख आहे. तीत ती स्वतःला एका महाराजाची आई आणि एका महाराजाची आजी म्हणविते. यावरून मातृसत्ता होती असे अभ्यासक मानत नाहीत, कारण राज्य पित्याकडून पुत्राकडेच जाई. तरीही आईचे नाव दगडात कोरले गेले, हे खरे.

पुढे 'स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव' ही पद्धत रूढ झाली आणि आईचे नाव कागदपत्रांतून नाहीसे झाले. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक प्रथम पिता आणि 'त्याच्यानंतर' माता असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात या शब्दाचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'पित्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. २०१५मध्ये याच न्यायालयाने अविवाहित मातेला, पित्याचे नाव उघड न करता, मुलाचे पालकत्व मागता येईल असा निर्णय दिला.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मार्च २०२४मध्ये आणखी एक पाऊल टाकले. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव हा क्रम बंधनकारक झाला. विवाहित स्त्रीच्या नावापुढे मात्र पतीचे नाव लावण्याची पद्धत कायम राहिली.

वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्राने केलेला कायदाही येथे उल्लेखनीय आहे. त्यातील व्याख्येत जन्मदाती, दत्तक घेणारी आणि सावत्र अशा तिन्ही आयांचा समावेश आहे. 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' अशी म्हण असलेल्या समाजाला आता आईच्या जेवणाची तरतूद कायद्याने करावी लागते, हे वास्तवही त्यात दिसते.

पिठोरीचे वाण

मे महिन्यातील दुसऱ्या रविवारचा पाश्चात्त्य 'मदर्स डे' शहरांनी स्वीकारला असला, तरी महाराष्ट्राचा मातृदिन श्रावण अमावास्येचा, म्हणजेच पिठोरीचा. त्या दिवशी उपवास करणारी आई चौसष्ट योगिनींची पूजा करते, खीरपुरीचे वाण डोक्यावर घेते आणि मागे न पाहता 'अतिथी कोण?' असे विचारते. मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगून ते वाण घेते. एरवी मूल हाक मारते आणि आई ओ देते. या दिवशी हाक आईची असते. ती ऐकण्यासाठी तिच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे, एवढीच तिची अपेक्षा असते.