त्रेपन्न नंबरची बाटली

आमच्या कामरगावात पायात खिळा रुतला की अजूनही पहिला प्रश्न येतो, "गंजका होता का?" मी मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा, वैद्यकीवर अधिकाराने बोलणे मला शोभायचे नाही. पण गंज बिचारा निरपराध आहे, एवढे सांगतो. धनुर्वाताचा जंतू असतो शेणामातीत, आणि तोही बहुधा झोपलेला. त्या झोपेने एका थोर माणसाची वर्षे कशी नासवली, त्याची ही हकिगत.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकीन यांना बोलावले. ओडेसात जन्मलेले हे ज्यू गृहस्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. लस करायची तर आधी प्लेगचे जंतू मुबलक वाढवायला हवेत. आणि जंतू झाला तरी पोट त्यालाही आहेच. हाफकीन यांनी त्याच्यासाठी मांसाचा रस्सा शिजवला. गाईचे चालणार नाही, डुकराचे चालणार नाही, म्हणून बकऱ्याचे मांस घेतले. वरून घातले तूप! तुपाच्या तवंगाला धरून जंतूंच्या पांढुरक्या झालरी रश्शात खाली लोंबू लागत. मग तो रस्सा तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

प्लेगचा जंतू तापवला की मरतो. धनुर्वाताच्या जंतूची जात निराळी. अन्न संपत आले की तो आपल्याच पोटात एक कठीण कवचाची गोळी तयार करतो, तिच्यातले पाणी बहुतेक काढून टाकतो आणि बाकीचे शरीर सोडून देतो. हाच बीजाणू. नाव बीजाचे असले तरी यातून पीक वाढत नाही. एका जंतूचा एकच बीजाणू होतो. गवताच्या काढ्यातल्या जंतूंत कोन यांनी आणि फाशी रोगाच्या जंतूंत कॉख यांनी तो १८७६ साली ओळखला. आपल्याकडे गुरे ज्याने दगावतात तोच हा फाशी. १८८९ साली किटासाटो यांनी तर युक्तीच केली. मिश्र जंतूंचे पात्र ८० अंशांपर्यंत तापवले; बाकीचे मेले, धनुर्वाताचे बीजाणू उरले. हा बीजाणू मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो. अन्न मिळाले आणि हवा नसली की जागा होतो. म्हणूनच खोल जखम त्याला मानवते. लसीची बंद बाटलीही मानवली असती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात, आता पाकिस्तानात असलेल्या मलकवाल गावी, १०७ माणसांना प्लेगची लस टोचली. बाटल्या पाच. त्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतून ज्यांना टोचले, ती १९ माणसे धनुर्वाताने गेली. लस परळच्या प्रयोगशाळेतली. हाफकीन यांनी तेव्हा कार्बोलिक घालणे बंद केले होते. चौकशी समितीचे बोट तिथेच गेले आणि हाफकीन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक एवढ्याशा कार्बोलिकाने बीजाणू मरतच नाही!

कादंबरीकार म्हणून माझे मन अडते ते एका चिमट्यापाशी. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो नीट निर्जंतुक न करता, कार्बोलिकात नुसता बुडवून पुन्हा बुचाला लावला. गावची जमीन, त्यात गुरांचा वावर! मुंबईतच बीजाणू शिरले असते तर आठवड्यांच्या मुक्कामात ते वाढून बाटलीला घाण सुटली असती. कागदोपत्री हे सारे होते. मग एवढी वर्षे का लागली? माझ्या मते परक्या ज्यू माणसाला दोषी धरणे साहेबाला सोयीचे होते.

मलेरियावाले रोनाल्ड रॉस भांडायला उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापले गेले, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकीन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. ते आले, पण कलकत्त्याला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात होते. आणखी पाच वर्षे जगले.