रापणीच्या किनाऱ्यावर चार्टर विमानं

गोव्यात कांदोळीला आमच्या माडांच्या भाटापुढे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत. साठच्या दशकाअखेर हिप्पी आले, तेव्हा आजीने एक खोली भाड्याने दिली; त्यांना पेज नि मासळी पुरे व्हायची. भाडं आजी ठरवायची.

ऐंशीच्या दशकात युरोपातून थेट दाबोळी विमानतळावर चार्टर विमानं येऊ लागली आणि हिशेबच पालटला. पर्यटक तिकीट, खोली, जेवण यांचे पैसे मायदेशीच एकरकमी भरणार. खोलीचा दर परदेशी सहल कंपनी घासाघीस करून ठरवणार. आमच्या वाट्याला उरलेले पैसे, तेही पुष्कळदा उधारीवर. रापण आधीच यांत्रिक ट्रॉलरांनी खिळखिळी केली होती, म्हणून रापणकारांची मुलं किनाऱ्यावरच्या शॅककडे, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहांकडे, वळली. त्यांना मी दोष देणार नाही.

२०१४ साली रुबल घसरला, रशियन पाहुणे रोडावले. २३ सप्टेंबर २०१९ला थॉमस कुक ही ब्रिटिश सहल कंपनी बुडाली. ऑक्टोबरचा हंगाम तोंडावर असताना गोव्यातल्या हॉटेलवाल्यांची देणी अडकली. लंडनमधल्या दिवाळखोरीचा फटका इथल्या धोब्याला, टॅक्सीवाल्याला बसला, याचा मला आजही संताप येतो. भाटातले माड तोडून बांधलेल्या खोल्यांचे हप्ते मात्र बँकेला वेळेवरच हवे होते.