सहीचे मोल

स्मृतिनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांनी गेल्या दिवाळीत चिरंजीवांसाठी सचिन तेंडुलकरांची सही असलेली बॅट मागविली. सोबत सोनेरी काठाचे प्रमाणपत्रही आले. पुढे त्यांचे साडू नागपुराहून आले, त्यांच्या मुलाच्या हाती तशीच बॅट! आम्ही पतंगाच्या कागदावर एकीची सही गिरवून घेतली आणि ती दुसरीवर ठेवून पाहिली. एकही फाटा इकडचा तिकडे नाही. कचेरीत सह्या ताडून पाहण्यात आमची दहा वर्षे गेली आहेत. माणूस आपली सही दोनदा हुबेहूब करीत नाही. हुबेहूब उमटतो तो शिक्का.

वास्तविक आपल्या इतिहासात मोठा मान शिक्क्याचाच. शिवछत्रपतींच्या पत्रांचे खरेपण माथ्यावरील अष्टकोनी मुद्रेने आणि अखेरच्या मोर्तबाने ठरे. मधला मजकूर आमच्यासारख्या एखाद्या कारकुनाच्या हातचा असे. अर्थात लबाडी करणाऱ्याची नजरही मुद्रेवरच. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इनामांच्या चौकशीसाठी कमिशन बसविले, १८५२ साली त्याकरिता अकरावा कायदा केला, आणि दप्तरांच्या त्या छाननीत खऱ्या सनदांबरोबर बनावट सनदाही पुढे आल्या. तो गुन्हा खराच. पण त्यामागे जमीन होती, पोट होते. आजची खोटी सही विकत घेणाऱ्यास एक बिघाही मिळत नाही. मोठ्या माणसाचा हात या वस्तूला लागला होता, एवढाच दिलासा तो विकत घेतो, आणि नेमका तोच खोटा निघतो.

सही विकणे हेच मुळी गैर, असे मात्र आम्हांस वाटत नाही. गांधीजी सही विकत असत. हरिजन फंडासाठी पाच रुपये, हा त्यांचा दर प्रसिद्धच आहे. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा निघाला आणि त्याच महिन्यात ते आमच्या भिलाईला लागून असलेल्या दुर्गास व पुढे रायपुरास आले. आज जेथे पोलादाच्या भट्ट्या आहेत तेथे त्या वेळी शेते होती. भेट आलेल्या वस्तूंचा सभेतच लिलाव करावा, ही महात्माजींची रीत. सही डोळ्यांदेखत, पैसे डोळ्यांदेखत, आणि ते कोठे जाणार हेही उघड. ह्या व्यापारात याहून स्वच्छ व्यवहार आमच्या वाचनात नाही. पुढे २००९ साली न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताटवाटी यांचा लिलाव होऊन अठरा लक्ष डॉलर आले. त्या वेळी पैसे कोणाचे, यावरच वाद माजला.

दलाल मध्ये आला की प्रमाणपत्र येते. अमेरिकेत १९९९ साली संघीय पोलिसांनी खोट्या सह्यांची एक टोळी पकडली. तिच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडू होते! त्या साध्वीने चेंडूवर सही कशाला केली असेल, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात आला नाही, कारण सोबत दाखला होता. २०२२ साली तर बॉब डिलन यांच्या ग्रंथाच्या नऊशे प्रती, प्रत्येकी ५९९ डॉलरना, हातच्या सहीच्या म्हणून विकल्या गेल्या. सही यंत्राने केलेली निघाली आणि प्रकाशकाला पैसे परत करावे लागले. तेथेही प्रकाशकाचे हमीपत्र होतेच.

आपल्या सचिनच्या नावावरही २०१० साली अजब प्रकार झाला. त्यांच्यावरील एका अवाढव्य ग्रंथाच्या दहा प्रती, प्रत्येकी पंचाहत्तर हजार डॉलर, आणि सहीच्या पानाच्या लगद्यात त्यांचे रक्त मिसळलेले, अशी वार्ता प्रकाशकाच्या तोंडून जगभर झाली. खुद्द सचिनने ती खोटी म्हणून सांगितले. सही पुरेशी वाटेनाशी झाली म्हणून रक्तापर्यंत मजल गेली!

असो. शेजाऱ्यांनी बॅट विकणाऱ्यास पत्र धाडले. उत्तर आले की, आम्ही ‘सही असलेली बॅट’ असे छापले होते, ‘सचिनने सही केलेली’ असे नव्हे; प्रमाणपत्र नीट वाचावे. आम्ही ते पुन्हा वाचले. मसुदा चोख होता. कचेरीत एखादा कागद असा आला असता तर आम्हीही पुढे पाठविला असता.

चिरंजीवांस अद्याप कोणी काही सांगितलेले नाही. बॅट कपाटावर उभी आहे, आणि तो पोरगा तिला धाकट्या बहिणीस हातही लावू देत नाही.